विश्लेषण : आज ‘क्लासिक’ ठरलेले हॉलीवूडपट तेव्हा का नाकारले गेले?

‘ब्रिंगिंग अप बेबी’, ‘टू बी ऑर नॉट टू बी’, ‘द बिग स्लीप’, ‘व्हर्टिगो’ हे चित्रपट आज जगभरातील चित्रपट अभ्यासक्रमांत हमखास शिकवले जातात. मात्र प्रदर्शित झाले तेव्हा कुणाला तो शिळा विनोद वाटला, कुणाला बेदरकारपणा, तर कुणाला निव्वळ गोंधळ. हॉलीवूडच्या सुवर्णकाळातील विनोदी आणि रहस्यपटांचे भवितव्य केवळ समीक्षकांच्या हाती नव्हते. कॅथलिक संघटना, थिएटरमालक, राज्यांची सेन्सॉर मंडळे आणि प्रेक्षक पाहणी करणाऱ्या संस्था असे अनेक परीक्षक एकाच वेळी काम करत होते. यातल्या काहींच्या निकालामुळे तयार झालेला चित्रपटही बदलावा लागे.

निवाडा करणारे कोण होते?

वृत्तपत्रांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा शब्द वजनदार. तेथे आधी फ्रँक न्यूजंट आणि १९४० पासून १९६७ पर्यंत बॉस्ली क्राउदर हे प्रमुख समीक्षक होते. ‘व्हरायटी’सारखी व्यवसायपत्रे चित्रपट किती धंदा करील, या नजरेने लिहीत. नैतिकतेचा निवाडा मात्र वेगळ्याच ठिकाणी होत असे. अमेरिकी कॅथलिक बिशपांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संघटना उभी राहिली. लाखो कॅथलिकांनी ‘अनैतिक चित्रपट पाहणार नाही’ अशी शपथ घेतली. चित्रपटांना ए, बी आणि सी अशा श्रेणी मिळत. ‘सी’ म्हणजे निषिद्ध. या दबावापुढे नमते घेत हॉलीवूडने १९३० मध्ये कागदावर आलेली आचारसंहिता १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत काटेकोरपणे लागू केली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, विवाहबाह्य संबंध आकर्षक दिसता कामा नयेत, हे त्यातले ठळक नियम. रहस्यपट गुन्ह्यावर आणि त्या काळचा विनोदी चित्रपट नवराबायकोच्या भांडणावर जगत असल्याने सर्वाधिक कात्री याच दोन प्रकारांना लागली, यात नवल नाही.

कात्रीने विनोदाचे काय झाले?

ग्रेटा गार्बोचा ‘टू-फेस्ड वुमन’ (१९४१) हे याचे बोलके उदाहरण. पत्नी आपल्याच जुळ्या बहिणीचे सोंग घेऊन नवऱ्याला भुलवते, ही कथा. नवरा परस्त्रीच्या मोहात पडतो आहे असे त्याला वाटते, पण ती त्याचीच बायको असते. सारी गंमत या गैरसमजात. लीजनने चित्रपटाला ‘सी’ श्रेणी दिली आणि न्यूयॉर्कचे आर्चबिशप स्पेलमन यांनी जाहीर निषेध केला. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटावर असा शिक्का बसणे दुर्मीळ होते. एमजीएमने चित्रपट मागे घेऊन एक दृश्य नव्याने घातले. त्यात नवरा एक फोन करतो आणि ही आपलीच बायको असल्याचे त्याला सुरुवातीलाच कळते. नीती सांभाळली गेली, पण कथेचा कणाच मोडला. जे सोंग नवऱ्याला ठाऊक आहे त्यावर प्रेक्षकाने हसायचे कशाला? चित्रपट पडला आणि तोच गार्बोचा अखेरचा चित्रपट ठरला.

‘ब्रिंगिंग अप बेबी’ कुणी पाडला?

हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित या चित्रपटात (१९३८) डायनासोरचे एक हाड शोधणारा बुजरा संशोधक, एक बिनधास्त श्रीमंत तरुणी आणि ‘बेबी’ नावाचा बिबट्या अशी धमाल आहे. न्यूजंट यांना त्यातले विनोद वापरून गुळगुळीत झालेले वाटले. सगळेच समीक्षक विरोधात होते असे नाही. पण आरकेओ स्टुडिओला सुमारे ३ लाख ६५ हजार डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात स्वतंत्र थिएटरमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन काही बडे तारे म्हणजे तिकीटबारीचे ‘विष’ असल्याचे जाहीर केले. त्या यादीत गार्बो, जोन क्रॉफर्ड, मार्लेन डीट्रिश यांच्यासह या चित्रपटाची नायिका कॅथरीन हेपबर्नही होती. या मंडळींना चित्रपटाच्या दर्जाशी देणेघेणे नव्हते. खुर्च्या भरतात की नाही, एवढाच त्यांचा निकष. हॉक्स यांनी पुढे कबूल केले की चित्रपटात एकही शहाणे पात्र नव्हते, ही चूक झाली. गंमत अशी की नंतरच्या पिढ्यांना नेमके तेच आवडले. पीटर बोग्दानोविच यांनी त्याच धाटणीवर ‘व्हॉट्स अप, डॉक?’ (१९७२) केला आणि १९९० मध्ये मूळ चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत दाखल झाला.

नाझींवर हसणे का खटकले?

अर्न्स्ट लुबिच यांचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ १९४२ च्या सुरुवातीला आला. (हिंदीतला ‘मान गए मुघल-ए-आझम’ यावरूनच बेतलेला.) नाझींनी व्यापलेल्या वॉर्सातील नटमंडळी गेस्टापोला गंडवतात, अशी ही कथा. चित्रीकरण सुरू असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली. जानेवारीत नायिका कॅरोल लोम्बार्ड विमान अपघातात गेली. अशा वातावरणात पोलंडच्या यातनांवर विनोद कसला करता, असा क्राउदर यांचा रोख होता. एका दृश्यात नाझी अधिकारी म्हणतो, की या नटाने शेक्सपिअरचे जे केले तेच आम्ही पोलंडचे करत आहोत. हे वाक्य काढा, असा आग्रह लुबिच यांच्या जवळच्यांनीही धरला, पण त्यांनी ते ठेवले. बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या लुबिच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच उत्तर दिले. आपण पोलंडच्या दु:खाला हसलेलो नाही, नाझींना आणि काहीही झाले तरी नटच राहणाऱ्या नटांना हसलो आहोत, असा त्याचा आशय. क्राउदर यांना दोष देणेही सोपे नाही. बातम्यांत रोज बॉम्बहल्ले वाचणाऱ्याला तो विनोद बोचणे स्वाभाविक होते.

‘द बिग स्लीप’ कळत का नाही?

२४ ऑगस्ट १९४६ च्या परीक्षणात क्राउदर यांनी या रहस्यपटाच्या गुंतागुंतीपुढे हात टेकले. तक्रार खोटी नव्हती. रेमंड चँडलर यांच्या कादंबरीत अश्लील पुस्तके भाड्याने देण्याचा धंदा हे सूत्र आहे. आचारसंहितेमुळे पडद्यावर त्याचा उच्चारही शक्य नव्हता, त्यामुळे पात्रे एकमेकांना का धमकावतात हे धूसर झाले. मोटारचालकाचा खून कुणी केला, असे चित्रपटवाल्यांनी तारेने विचारले तेव्हा आपल्यालाही ते ठाऊक नव्हते, असे चँडलर यांनी पुढे एका पत्रात लिहिले.

दुसरे कारण धंद्याचे. चित्रपट १९४५ मध्येच तयार होता आणि परदेशी तैनात सैनिकांना दाखवलाही गेला होता. पण युद्ध संपत आल्याने वॉर्नर ब्रदर्सला हातातले युद्धपट आधी खपवायचे होते. दरम्यान लॉरेन बकॉलच्या दुसऱ्या चित्रपटावर समीक्षकांनी सडकून टीका केली. तिची कारकीर्द सावरावी म्हणून तिची आणि हम्फ्री बोगार्टची खटकेबाज दृश्ये १९४६ मध्ये नव्याने चित्रित झाली. त्यांना जागा करण्यासाठी गुप्तहेर मार्लो सरकारी वकिलाच्या कचेरीत सारा घटनाक्रम उलगडून सांगतो, ते दृश्य काढण्यात आले. म्हणजे समीक्षक ज्याला गोंधळ म्हणत होते, त्यात समीक्षकांच्याच आधीच्या शेऱ्यांचा वाटा होता. प्रेक्षकांना फिकीर नव्हती. बोगार्ट-बकॉल जोडीसाठी त्यांनी गर्दी केली. १९९७ मध्ये १९४५ ची आवृत्ती प्रदर्शित झाली. तिच्यात कथा अधिक कळते, पण चुरचुरीतपणा कमी आहे.

त्याच ऑगस्ट महिन्यात पॅरिसमध्ये निनो फ्रँक हे समीक्षक वेगळेच काही लिहीत होते. जर्मन ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट बंद होते. युद्धानंतर ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’ हे रहस्यपट एकापाठोपाठ आले आणि त्यांचे समान काळोखे वळण नजरेत भरले. अमेरिकी समीक्षक ज्यांना सुटेसुटे मेलोड्रामा म्हणत होते, त्यांना फ्रँक यांनी ‘फिल्म नुआर’ म्हटले.

प्रेक्षकांना आधीच विचारले तर?

तोही प्रयत्न झाला. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९३५) पूर्वी मार्क्स बंधूंनी त्यातील प्रसंग गावोगावच्या रंगमंचांवर करून पाहिले आणि हशा किती वेळ टिकतो याची नोंद ठेवली. १९४० मध्ये जनमत पाहणीकार जॉर्ज गॅलप यांनी प्रेक्षक संशोधन संस्था काढली.

पकड सैल कधी झाली?

ओटो प्रेमिंजर यांच्या ‘द मून इज ब्लू’ (१९५३) या हलक्याफुलक्या विनोदपटात ‘कुमारिका’सारखे शब्द होते. आचारसंहितेची मान्यता मिळाली नाही, लीजनने ‘सी’ दिले, तरी युनायटेड आर्टिस्ट्सने तो प्रदर्शित केला. तो चालला. कॅन्ससने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये रद्द केली. १९६० मध्ये हिचकॉक यांनी ‘सायको’चे खेळ समीक्षकांसाठी आधी ठेवलेच नाहीत; त्यांनाही सामान्य प्रेक्षकांबरोबर वेळेवर येऊन बसावे लागले. क्राउदर यांनी आधी थंड परीक्षण लिहिले आणि वर्षअखेरीस तोच चित्रपट आपल्या पहिल्या दहांत घेतला.

‘व्हर्टिगो’ला (१९५८) मात्र अधिक वाट पाहावी लागली. क्राउदर यांना तो आवडला होता, पण ‘व्हरायटी’ला संथ आणि लांबलेला वाटला. पुढे हक्क हिचकॉक यांच्याकडे आल्यावर तो बरीच वर्षे वितरणाबाहेर होता. तरीही १९८२ मध्ये ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक मतदानात तो प्रथमच पहिल्या दहांत आला. २०१२ मध्ये १९१ मते मिळवून त्याने ‘सिटिझन केन’ला मागे टाकले. २०२२ मध्ये मतदारांची संख्या १६०० च्या पुढे गेली, तेव्हा पहिले स्थान शांताल अकेरमान यांच्या ‘जान डीलमान’कडे गेले आणि ‘व्हर्टिगो’ दुसऱ्या क्रमांकावर आला.