गोव्याची स्टॉर्म : जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या हौसेचा मागोवा

रामनगरहून अनमोड घाट उतरला की गोवा सुरू होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच गोव्यातल्या कारखान्याने ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बांधायला घेतली. आराखडा फ्रान्सच्या ल माँ ग्रुपचा, अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे 1149 सीसीचे. ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती 800 यांच्या देशात हे मोठेच धाडस होते. कंपनीचा जम बसला नाही, गाड्या थोड्याच बनल्या आणि आज त्याच ‘क्लासिक’ म्हणून विकायला निघतात. जोयडा तालुक्यातल्या कुणा हौशी माणसाच्या मनात अशी गाडी भरली, तर त्याने मधल्या पाव शतकात काय घडले ते आधी नीट पाहावे. रूप आणि वेग नंतर. गाडीच्या पाठीशी आज काय उरले आहे, यावरच सौदा ठरावा.

पहिला प्रश्न सुट्या भागांचा. स्टॉर्म आली तेव्हा रेनॉच्या गाड्या भारतात विकल्या जात नव्हत्या. 2007 मध्ये महिंद्राच्या साथीने लोगान आली, पण तिची इंजिने वेगळी होती, त्यामुळे स्टॉर्मवाल्यांना तिचा उपयोग झाला नाही. दिलासा एवढाच, की हे 1149 सीसीचे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत भरपूर चालले. गॅस्केट, टायमिंग बेल्ट, सेन्सर तिकडून मागवता येतात. पण बोनेट, दारे असे खास स्टॉर्मसाठीच घडवलेले भाग एकदा फुटले की दुसऱ्या स्टॉर्मचेच काढून बसवावे लागतात, नाहीतर नव्याने साचा करावा लागतो. याउलट मारुतीची जिप्सी 1985 पासून तीन दशकांहून अधिक काळ बनली, लष्कराने मोठ्या संख्येने घेतली, जंगल सफारीतही रुळली. म्हणून तिचे सामान अजून मिळते. दुर्मिळ गाडी संग्राहकाला मोलाची वाटते, पण रोज रस्त्यावर काढणाऱ्याला तोच दुर्मिळपणा महागात पडतो.

दुसरा प्रश्न हवापाण्याचा. फायबरग्लासला गंज लागत नाही, हे विकणारा सांगतो आणि ते खरे आहे. पण जोयड्याच्या पावसाळ्यात पाणी खालच्या धातूपर्यंत पोचतेच. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून सांगाडा, सस्पेन्शनचे जोड आणि ब्रेकच्या नळ्या बॅटरीच्या उजेडात तपासाव्यात. बिजागऱ्या आणि बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर तिथे ताण किंवा जुना अपघात असू शकतो. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार लागते. ती गंजली की हॉर्न, दिवे, पंखा एकेक करून दगा देतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. अणशी घाटासारख्या लांब उतारावर असे जुने तेल तापून उकळले, तर पेडल पोकळ लागते. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

तिसरा प्रश्न कागदांचा. बोलण्यात ‘क्लासिक’ म्हटली तरी केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. स्टॉर्म त्यात बसत नाही. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी 10,000. गोव्याची गाडी कायमची इकडे आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, दांडेलीत नवी नोंदणी आणि कर्नाटकाचा कर आलाच. चासी आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक आरसी बुकाशी अंकन्‌अंक जुळवावेत. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी ‘डीसी अवंती’ या देशी स्पोर्ट्‌स कारच्या प्रकरणात एकाच क्रमांकाने एकाहून अधिक नोंदण्या झाल्याचा आरोप ठेवला, तेव्हा ही खबरदारी किती मोलाची आहे ते देशाला कळले.

यावर कुणी म्हणेल, हौसेला मोल नसते. मान्य, पण सामानाअभावी महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी हौसही मारते. दुसरे म्हणणे असे, की आपला मिस्त्री काहीही चालू करतो. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरपुरते ते खरे होते. स्टॉर्मचे इंजिन फ्युएल इंजेक्शनचे आहे आणि त्याचा सेन्सर लेथवर घडवता येत नाही. तेव्हा गाडी पसंत पडण्याआधी सामान देणारा आणि ते बसवणारा शोधावा, आणि दुरुस्तीचा पैसा वेगळा काढूनच भाव बोलावा. एवढे करूनही गाडी परवडत असेल, तर ती बेलाशक घ्यावी. आपल्या शेजारच्या मातीत घडलेल्या त्या थोड्या गाड्या असेच गिऱ्हाईक मिळाले तर रस्त्यावर टिकतील.