आधी हवा बघा, मग शॉकॲबचं बोलू!

हिल स्टेशनला गेल्यावर तुम्ही कधी एटीव्ही चालवली आहे? मग पुढचं लगेच कळेल. पहिली फेरी एकदम भारी वाटते. दुसऱ्या फेरीत मनगटं बोलायला लागतात आणि उतरल्यावर कंबर. मला वाटायचं, एटीव्ही म्हणजे हे असंच असणार. हा गैरसमज दूर केला इंजिनिअरिंगवाल्या मित्रांनी.

माझ्या शाळेतल्या मित्राची टीम ‘बाहा’साठी गाडी बनवते. 1976 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा 2007 पासून भारतातही होते. ओबडधोबड रस्त्यावर पळणारी, एकट्या ड्रायव्हरची गाडी विद्यार्थ्यांनीच डिझाइन करायची, विद्यार्थ्यांनीच बनवायची. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस. गेल्या वर्षी यांची गाडी ठणठणीत होती. पण दीड तासात ड्रायव्हरच्या बोटांना मुंग्या आल्या आणि स्टिअरिंग धरवेना. ‘वर्षभर गाडीचा विचार केला, आत बसणाऱ्याचा केलाच नाही,’ मित्र आजही चुटपुटतो.

यंदा धडा गिरवायला त्यांना वेगळीच गाडी मिळाली. टीममधल्या एकाच्या काकांची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. तिथे क्रेट वाहायला एक सेकंडहँड युटिलिटी एटीव्ही आहे: हँडलबारवाली, पुढेमागे रॅक असलेली. रिकामी असली की उड्या मारते, भरली की डुलते. एकदा बांधावर वळताना काका उलटता उलटता वाचले. दिवाळीच्या सुट्टीत टीम तिथे गेली, आणि मागोमाग मीही.

काकांना नवे शॉकॲब्सॉर्बर घ्यायचे होते. पोरं म्हणाली, ‘काका, थांबा. आधी आहे तेच नीट बघू.’

सगळ्यात आधी त्यांनी जॅक लावून एकेक चाक हातात धरून हलवलं. पुढचं डावं चाक खडखडलं. ए-आर्मचा बुश झिजला होता, तो बदलला. सांधेच सैल असतील तर बाकीची मेहनत फुकट.

मग टायर. काका पेट्रोल पंपावर हवा भरायचे, कारच्या अंदाजाने. गेज लावला तर 22 पीएसआय! गाडीवरचा स्टिकर सांगत होता, 5. एटीव्हीचा फुगीर, मऊ टायर हा खरं तर पहिला शॉकॲब असतो. तो टणक केला की दगडावरून चेंडूसारखा उसळतो. उसळलेला टायर जमिनीवर नसतो, आणि जमिनीवर नसलेला टायर ना वळवतो, ना ब्रेक लावू देतो. फार कमी हवाही वाईट. रिम दगडावर आपटते, वळणावर टायर रिमवरून सरकू शकतो. म्हणून हवा टायर थंड असताना, कमी दाब दाखवणाऱ्या गेजनेच मोजायची. डावी-उजवी बाजू सारखी हवी.

तिसरी गोष्ट प्रीलोड. स्प्रिंगखाली खाचा असलेली रिंग असते. ‘माल जास्त’ म्हणून काकांनी चारही रिंगा शेवटच्या खाचेवर नेल्या होत्या. मलाही वाटायचं, यामुळे स्प्रिंग कडक होते. तसं नाही. साध्या स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, गाडी फक्त उंच उभी राहते. मग चाक खड्ड्यात गेलं की त्याला खाली जायला जागाच उरत नाही आणि ते हवेत लटकतं. माणूस बसल्यावर सस्पेन्शन एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. पोरांनी टेपने मोजून रिंगा खाली आणल्या. मागच्या दोन मात्र मालाच्या दिवशी एक खाच वर घ्यायच्या, असं ठरलं.

राहिला डुलण्याचा प्रश्न. त्याचं उत्तर गाडीत नव्हतंच! मागच्या रॅकवर क्रेटचे दोन थर लागायचे. वजन जितकं वर, तितकी गाडी उलटायची भीती जास्त. आता एकच थर, घट्ट बांधलेला, आणि रॅकवर लिहिलेल्या मर्यादेतच. फेऱ्या वाढल्या म्हणून काका कुरकुरले. मग स्वतः त्याच बांधावरून वळून आले आणि म्हणाले, ‘असू दे. फेऱ्या मारू.’

या सगळ्यात पोरांची एक शिस्त मला फार आवडली. एका वेळी एकच बदल, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, आणि दर वेळी वहीत नोंद. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला, हे कळणार कसं? (सबमिशनच्या आदल्या रात्री सगळंच बदलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लिहून ठेवावं.)

मी शिकले ते एवढंच: आराम आणि कंट्रोल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. चाक जमिनीला धरून राहिलं की कंबरही वाचते आणि वळणही. ज्याचे हात बधिर झालेत, तो कितीही भारी ड्रायव्हर असो, गाडी सांभाळू शकत नाही.

यंदा मित्राची टीम चार तास पूर्ण करेल का? माहीत नाही. पण त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आता इंजिनाचं नाही, ड्रायव्हरचं नाव आहे. आणि तुम्ही पुढच्या वेळी हिल स्टेशनला एटीव्हीवर बसाल, तेव्हा हेल्मेट घाला आणि सुरू करण्याआधी टायर अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा लागला, तर दादांना बिनधास्त विचारा, ‘हवा किती भरलीये?’