डहाणूत जमीन हलली, तरी फोन गप्प का?

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसायला लागले. धुंदलवाडीचं नाव तेव्हा पहिल्यांदा अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. आता धक्का बसला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी "जाणवला का?" येतं आणि त्यामागोमाग "माझ्या फोनला अलर्टच नाही आला". पहिल्याचं उत्तर ग्रुपवरच मिळतं. दुसऱ्याचं आज बघू.

'टेंपल रन' खेळताना फोन डावीकडे कलवला की पळणारा गडी डावीकडे सरकतो. हे काम अ‍ॅक्सेलरोमीटर नावाच्या चिपचं. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन हलला की हा तुकडा किंचित मागे राहतो आणि ते अंतर विजेच्या मापात कळतं. तुम्ही गेम खेळताय की जमीन हलतेय, चिपला काय फरक पडतो? ती फक्त हालचाल मोजते.

गूगलने याच चिपवर २०२० मध्ये भूकंप अलर्टची यंत्रणा उभी केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती भारतात आणली. चार्जिंगला लावून ठेवलेला अँड्रॉइड फोन थरथरला, की तो आपल्या अंदाजे ठिकाणासह सर्व्हरला कळवतो. एका फोनवर विश्वास ठेवत नाहीत, कारण त्यावर मांजरही उडी मारू शकतं. पण एकाच भागातले बरेच फोन एकदम थरथरले, तर तो भूकंप.

मग आपल्याकडे अलर्ट का नाही? पहिलं कारण म्हणजे अलर्टसाठी भूकंप किमान ४.५ चा लागतो. १ फेब्रुवारी २०१९ ला इथे ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. आजच्या नियमाने त्या धक्क्यालाही फोन गप्पच राहिला असता. इंजिनिअर म्हणून मला ही मर्यादा पटते. रोज फोन किंचाळला तर लोक अलर्ट बंदच करून टाकतील. पण ४.५ च्या खाली धोका नाही, असा तिचा अर्थ कुणी काढू नये. कच्च्या विटांच्या भिंतीला आकडा कळत नाही.

दुसरं कारण अंतराचं आहे, आणि त्यावर कुठलंच अपडेट येणार नाही. भूकंपाची पहिली, हलकी लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. खरं नुकसान करणारी दुसरी लाट साधारण साडेतीन. यंत्रणा पहिली लाट पकडते आणि इंटरनेटवरून दुसरीच्या पुढे पळते. आता केंद्र तुमच्या घराच्या बरोबर खाली १० किलोमीटरवर आहे असं धरा. जोराची लाट तीन सेकंदांत दारात! तेवढ्यात सर्व्हरचा हिशोबही पुरा होत नाही. तोच भूकंप मोठा असेल तर बोरिवलीला, सरळ रेषेत जवळपास ८५-९० किलोमीटरवर, लाट पोचायला २५ सेकंद लागतील. म्हणजे धुंदलवाडीचे फोन पकडणार आणि सावध होणार मुंबईकर. (लोकलसारखंच, आपण आधी उठायचं.)

तरी सेटिंग चालू ठेवाच, कारण केंद्र दरवेळी पायाखालीच असेल असं नाही. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' आणि त्यात 'अर्थक्वेक अलर्ट्स'. इंटरनेट आणि लोकेशन दोन्ही चालू हवं. पण हादरा जाणवला तर अलर्टची वाट बघत बसू नका. खाली बसा, मजबूत टेबल-पलंगाखाली डोकं घाला, धरून राहा. जड डबे, ट्रंका उशाशी रचल्या असतील तर आजच हलवा.

"आज रात्री २ वाजता ७ चा येणार" हा फॉरवर्ड तर दर काही महिन्यांनी उगवतो. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगात कुणालाच जमलेलं नाही. होऊन गेलेल्या भूकंपाचा आकडा मात्र राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या वेबसाइटवर मिळतो. ग्रुपवर टाकायचाच तर तो टाका.

चिपची गंमत बघायची असेल तर 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलंय. फोन फरशीवर ठेवा आणि धाकट्या भावाला शेजारी उडी मारायला सांगा, मग दहा फुटांवरून. रेघ किती उसळते ते दोन्ही वेळा बघा.