सत्त्याण्णवने भागा, बाकी एक

मुसफ्फा ही अबुधाबीची कारखान्यांची वस्ती. गॅरेजं, स्टील फॅब्रिकेशनची वर्कशॉपं, गोदामं, आणि लगतच्या शाबियात भाड्याच्या खोल्या. इथला पत्ताही आकड्यांतच सांगतात: एम-२६, एम-३७. पण इथे बँकेत खातं असलेल्या माणसाजवळचा सगळ्यात लांबलचक आकडा म्हणजे त्याचा आयबान, अर्थात आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक. 'एई' ही दोन अक्षरं आणि पुढे २१ अंक. अमिरातीत तो २०११ पासून सक्तीचा आहे.

एवढा आकडा लिहिताना चूक होणारच. ती पकडण्याची सोय आकड्याच्या पोटातच करून ठेवलेली असते.

माहितीपत्रकांत छापतात तो नमुना घेऊ: एई०७ ०३३ १२३४५६७८९०१२३४५६. 'एई'नंतरचे ०७ हे तपासणीचे अंक, ०३३ बँकेचा क्रमांक, उरलेले १६ खात्याचे. आता पहिली चार चिन्हं उचलून शेवटी टाकायची, 'ए'च्या जागी १० आणि 'ई'च्या जागी १४ लिहायचे. तयार होतो पंचवीस अंकी ऐवज: ०३३१२३४५६७८९०१२३४५६१०१४०७. याला ९७ ने भागलं की बाकी १ उरली पाहिजे.

साध्या कॅल्क्युलेटरवर एवढी संख्या मावत नाही, पण शाळेतला भागाकार मदतीला येतो. पहिलं शून्य सोडून ३३१२३४५६७ ला भागा, बाकी ३४. तिच्यापुढे ८९०१२३४ लिहून भागा, बाकी ९१. पुढे ५६१०१४० जोडा, बाकी ७७. राहिलेला ७ जोडला की ७७७. सत्त्याण्णव आठे सातशे शहात्तर, बाकी १. जमलं!

आता घाईत कुणी पहिल्या ४५ च्या जागी ५४ लिहिलं, तर बाकी येते ५२ आणि व्यवहार तिथेच अडतो.

९७ च का? ती दोन अंकी संख्यांमधली सगळ्यात मोठी मूळ संख्या. एक अंक चुकला तर संख्येत पडणारा फरक म्हणजे १ ते ९ पैकी काहीतरी गुणिले दहाचा घात. त्याला ९७ ने भाग जाणं शक्यच नाही. आणखी गंमत अशी की १ भागिले ९७ चा दशांश अपूर्णांक ९६ अंकांनंतरच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे पंचवीस अंकांतले कुठलेही दोन वेगळे अंक, कितीही अंतरावरचे, अदलाबदल झाले तरी बिंग फुटतं. मनाला येईल तो आकडा ठोकून दिला तर मात्र साधारण सत्त्याण्णवात एकदा तो खपून जातो. आणि खातं नेमकं कुणाचं, हे भागाकाराला कळत नाही.

साताऱ्याला किंवा रत्नागिरीला पैसे धाडताना ही सोय संपते. भारतात आयबान नाही. तिथे खाते क्रमांक आणि बँकेच्या शाखेचा अकरा चिन्हांचा संकेत, आयएफएससी. खाते क्रमांकांची लांबी बँकेगणिक वेगळी, सगळ्यांना लागू पडणारा भागाकार नाही. शिवाय ऑनलाइन व्यवहारात पैसे जमा होतात ते नाव न पाहता, क्रमांकावरून. म्हणून आपल्याकडचे फॉर्म खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात.