रिटर्न गिफ्ट हवेच असेल, तर पिंपळपान घ्या

मंगल परिणय तासाभरात पार पडतो, त्यासाठी काढलेले कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही. त्यात आता पाहुण्यांना ‘रिटर्न गिफ्ट’ देण्याची टूम आपल्या वस्त्यांतही आली आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते की, लग्न ही जबाबदारी आहे. मुले ती आर्थिकदृष्ट्या पेलू शकत नाहीत तोवर ती त्यांच्यावर लादू नका. प्लास्टिकच्या डब्यांसाठी उसने पैसे काढणे या सांगण्यात कुठे बसते?

भेट द्यायचीच असेल, तर आम्ही पिंपळाचे जाळीदार पान सुचवू. बोधिवृक्षाचेच पान ते, आणि फुकट मिळते. जून, हिरवी, न फाटलेली पाने घ्या. कोवळी टिकत नाहीत. ती बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवा. तीन-चार आठवड्यांत गर कुजतो, शिरा शाबूत राहतात. पाणी अधूनमधून बदला. वास येतोच, म्हणून बादली घराबाहेर बरी. मग पान तळहातावर ठेवून जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली अलगद घासा आणि जाड पुस्तकात रद्दीच्या दोन कागदांमध्ये दाबून वाळवा.

ए-फोर आकाराच्या जाड कागदावर संविधानाची उद्देशिका चारदा छापून कापली की चार कार्डे होतात. मागच्या कोऱ्या बाजूला पान चिकटवा, झाली पुस्तकातली खूण. खर्च काय तो कागद, छपाई आणि डिंकाचा.

तयारी लग्नाच्या दीड महिना आधी सुरू करा. पाहुण्यांच्या दीडपट पाने भिजत घाला, कारण घासताना बरीच फाटतात.