थाळनेरची दिंडी आणि मालेगावचा कागद

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर पाहिलंय का? एका अंगाला तापीचं पात्र, काठावर ढासळलेला किल्ला आणि गावात फारुकी सुलतानांच्या कबरी. आपल्यातल्या अनेकांना हे गाव नकाशात शोधावं लागेल. पण २७ फेब्रुवारी १८१८ रोजी या किल्ल्यात जे घडलं, त्याची चर्चा थेट लंडनच्या पार्लमेंटात झाली!

झालं असं. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकर हरले. जानेवारीत मंदसौरला तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. गेला तो कागदावर! किल्ले अजून होळकरांच्या किल्लेदारांकडेच होते. जनरल हिस्लॉप फौज घेऊन घाट उतरला. सेंधव्याचा किल्ला त्याला न लढता मिळाला. थाळनेरहून मात्र गोळ्या सुटल्या.

किल्लेदार होता तुळशीराम मामा. हाताखाली तीनएकशे शिपाई, त्यांत बरेच अरब. समुद्र ओलांडून आलेले हे पगारी शिपाई भारी कडवे. तोफांचा मारा झाला, इंग्रज दरवाजांपाशी आले, तेव्हा मामा बाहेर येऊन त्यांच्या स्वाधीन झाला. आतला शेवटचा दरवाजा मात्र बंदच. मग दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, बोलणी सुरू झाली. आतले अटी विचारताहेत, बाहेरचे म्हणताहेत, मुकाट्याने शरण या. आजी अहिराणीत काही सांगते आणि मुंबईचा पाहुणा नुसतंच ‘हो हो’ म्हणतो, तसलाच प्रकार. पण इथे हातात तलवारी होत्या! दिंडी उघडली, मोजके अधिकारी आत शिरले आणि एकदम वार सुरू झाले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. मग बाहेरची फौज घुसली आणि आतले जवळजवळ सगळे शिपाई कापले गेले.

त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिलं. अहो, दिंडीपाशी मारामारी झाली तेव्हा तो तर इंग्रजांच्याच ताब्यात होता! हा कसला न्याय? १८१९ मध्ये पार्लमेंटने हिस्लॉपचे आभार मानले खरे, पण ही फाशी त्यात धरू नये, असं बजावूनच.

अशा गोष्टी दूर अमेरिकेतही घडल्या. १७५७ साली तिथला फोर्ट विल्यम हेन्री हा इंग्रजांचा किल्ला फ्रेंचांनी घेतला. शरण आलेल्यांना सुखरूप जाऊ द्यायचं, असं दोन्हीकडच्या गोऱ्या सेनापतींनी ठरवलं. फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारलंच नाही. इंग्रज बाहेर पडताच ते त्यांच्यावर तुटून पडले.

आता मालेगावला चला. तेव्हा ते खानदेशातच मोडायचं. मोसम नदीकाठच्या भुईकोटात अरब ठाण मांडून बसले होते. मे १८१८ पासून जवळजवळ महिनाभर त्यांनी इंग्रजांना दाद दिली नाही. अखेर किल्ल्यातलं दारूकोठार उडालं, तटाला खिंडार पडलं आणि जूनमध्ये अरबांनी बोलणी लावली. पण थाळनेरची बातमी एव्हाना सगळीकडे पोचली होती. नुसत्या तोंडी शब्दावर कोण बाहेर येणार? त्यांना लेखी हवं होतं.

कागद मराठीत लिहिला गेला. आणि गंमत पाहा, अरबांच्या हिताचं जे असेल ते सगळं आम्ही करू, असा अर्थ निघेल अशी वाक्यरचना त्यात पडली! इंग्रज अधिकाऱ्याला तसं म्हणायचंच नव्हतं. वाद वर एल्फिन्स्टनकडे गेला. त्याने सांगितलं, लिहिलंय तसं पाळा. मग अरबांना थकलेला पगार मिळाला, आणि मायदेशी पोचेपर्यंतचा खर्चही सरकारनेच सोसला.