सही झाली, संमतीचे काय?

‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसे.’ महाडला दंतवैद्याकडे पाळीची वाट पाहत बसले असता हे वाक्य हमखास कानी पडते. पोलादपूरच्या डोंगराळ गावातून पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या, गाल सुजलेल्या माणसाला दुखणे थांबवायचे असते आणि परतीची गाडीही गाठायची असते. पुढे आलेल्या छापील कागदावर तो सही किंवा अंगठा करतो. त्याला संमती म्हणावे काय?

दाताच्या मुळावरील शस्त्रक्रियेचेच उदाहरण घेऊ. रूट कॅनाल करूनही मुळाच्या टोकाशी दोष राहिला, तर हिरडी उघडून, हाडात लहानशी खिडकी करून, मुळाचे सुमारे ३ मिलिमीटर टोक कापतात व उघडे तोंड बंद करतात. पुष्कळदा त्यामुळे दात वाचतो. परंतु सूज येते, हिरडी आकसू शकते. खालच्या दाढांजवळून मज्जातंतू जात असल्याने ओठ काही काळ, क्वचित कायमचाही, बधिर राहू शकतो. आणि एवढे करूनही दात काढावा लागण्याचा संभव उरतो. पुन्हा रूट कॅनाल करणे किंवा दात काढून कृत्रिम दात बसविणे, हे पर्यायही असतात. हे सारे ठाऊक असते ते एकाच पक्षाला.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेतील नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले. बाजारात भाजी आपण पारखून घेतो. येथे मात्र गरज कोणती, हे सेवा विकणाराच ठरवितो. म्हणून हा व्यवहार विश्वासावर चालतो. पण विश्वास ही माहितीची भरपाई नव्हे.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हे स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप व हेतू, पर्याय, ठळक धोके आणि नकाराचे परिणाम रुग्णाला कळले पाहिजेत. तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही.

यावर डॉक्टरांचे म्हणणे असे, की इतके सांगत बसलो तर रुग्ण घाबरून उठून जाईल, आणि वेळ तरी कोठे आहे? दूरान्वयाचे सर्व धोके सांगा, असे न्यायालयही म्हणत नाही. शिवाय ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. एक्स-रे काढण्यासाठी रुग्ण एकदा येतोच. त्याच दिवशी, बधिर करण्याच्या इंजेक्शनपूर्वी, साध्या मराठीत, कागदावर दाताचे चित्र काढून आणि खर्चाचा आकडा लिहून सांगितले, तर वेगळी खेप पडत नाही. पैसे बहुधा मुंबईतला चाकरमानी मुलगा धाडणार असतो. त्याला विचारायलाही अवधी मिळतो. मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हेही त्याच संभाषणात निघते.

मग रुग्णालाच विचारावे, ‘आता मी काय करणार, ते तुम्ही मला सांगा.’ त्याने आपल्या शब्दांत सांगितले, म्हणजे संमती झाली. सही त्यानंतरची. आणि ऐकून घेऊन तो ‘नको’ म्हणाला, तर तोही त्याने समजून केलेला निर्णयच होय.